कुलूप मागवण्याआधी दार मोजा

भूगावात नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की मुख्य दाराचं कुलूप आधी बदलावं. काम चालू असताना किल्ल्या बऱ्याच हातांतून फिरलेल्या असतात. मात्र पूर्ण कुलूप काढायची गरज सहसा नसते. दारात कोरून बसवलेलं मॉर्टिस लॉक असेल तर फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, बदलला तरी जुन्या किल्ल्या निकामी होतात आणि खर्चही वाचतो. सिलिंडर मोजताना त्याच्या मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांपर्यंतची लांबी वेगवेगळी लिहून घ्या. ६० मिमीचा सिलिंडर ३०-३० असतो, तसाच २५-३५ही मिळतो. तो हँडलच्या पट्टीच्या बाहेर फार डोकावला तर पकडीने मोडता येतो, म्हणून हे माप नेमकंच हवं.

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा किंवा ऑनलाइन मागवा, दाराची जाडी आणि कडेपासून किल्लीच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचं अंतर सांगावंच लागतं. बाहेर उभं राहून बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे, दार आत उघडतं की बाहेर, हेही पाहून ठेवा.

भूगाव-मुळशीचा पाऊस लाकडाला फुगवतो. तेव्हा कुलूप लागेनासं झालं तर दोष बहुधा चौकटीवरच्या पट्टीचा असतो. ती थोडी सरकवून घ्या. कुलपात खोबरेल ओतू नका, त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड वापरा. पावसात गंजू नयेत म्हणून बाल्कनीच्या कड्या आणि स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या.