जोमसोमचा वारा आणि बेटमनची पेटी

मुक्तिनाथाच्या यात्रेस निघालेल्या एका ज्येष्ठ वाचकांनी पत्रातून दोन शंका विचारल्या आहेत. पोखऱ्याहून जोमसोमला जाणारी विमाने सकाळच्या प्रहरीच का सुटतात ही पहिली. आणि जोमसोमचा विमानतळ जगातील अत्यंत धोकादायक विमानतळांत मोडतो असे जे म्हटले जाते, त्यात तथ्य किती ही दुसरी. पहिल्या शंकेचे उत्तर ‘वारा’ या एका शब्दात देता येण्यासारखे आहे. दुसरीसाठी मात्र अपघातांचे जुने दप्तर उघडावे लागते, आणि ते उघडले म्हणजे असे ध्यानात येते की ज्या धावपट्टीचा एवढा बोलबाला, तिच्या आसपास माणसे मेली ती थोडी. अधिक मेली ती तिच्यापासून दूर, ढगांत दडलेल्या डोंगरांवर.

जोमसोम हे गाव काली गंडकीच्या काठी समुद्रसपाटीपासून २,७३६ मीटर उंचीवर आहे. पोखरा त्याहून जवळजवळ १,९०० मीटर खाली. या मार्गावर उडणाऱ्या ट्विन ऑटर आणि डॉर्नियर या लहान विमानांच्या केबिनी हवाबंद नसतात. त्यामुळे ८,१६७ मीटरचा धवलगिरी आणि ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा यांच्या माथ्यावरून उडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घोरेपाणीची खिंड ओलांडावयाची, नदीचे खोरे गाठावयाचे आणि दोन्ही बाजूंचे कडे डोळ्यांपुढे ठेवीत उत्तरेकडे जावयाचे, असा हा सुमारे वीस मिनिटांचा प्रवास. आपल्याकडील कित्येक देवघरांत तुळशीपत्राखाली विराजमान झालेला शाळिग्राम याच नदीच्या खोऱ्यातून आलेला असतो, आणि त्यावरील चक्र हे ज्युरासिक काळी टेथिस समुद्रात वावरणाऱ्या अ‍ॅमोनाइट नामक प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. समुद्राच्या तळाशी मेलेल्या जीवाला हिमालयाने उचलून आपल्या देवघरापर्यंत पोचवावे, हा विषय इतका मोहक आहे की येथे लेखणी आवरती घेणेच इष्ट.

वाऱ्याकडे वळू. सूर्य वर येऊ लागला की अन्नपूर्णेच्या पलीकडील मुस्तांगचा उघडाबोडका, पर्जन्यछायेतील मुलूख झपाट्याने तापतो. तेथील हवा हलकी होते, दाब उतरतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी दक्षिणेकडील हवा या एकुलत्या एका वाटेने आत धाव घेते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास सुरू झालेला हा वारा सायंकाळपर्यंत थांबत नाही. म्युनिक विद्यापीठातील योसेफ एगर आणि त्यांचे नेपाळी व जर्मन सहकारी यांनी १९९८ साली या खोऱ्यात ठिकठिकाणी फुगे सोडून आणि थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्यांचा माग काढून हा वारा मोजला. उपग्रहांच्या युगात फुगा आणि दुर्बीण घेऊन नदीकाठाने हिंडणाऱ्या या मंडळींविषयी मला विलक्षण आदर वाटतो, कारण त्यांच्या हाती जे लागले ते कोणत्याही तर्काने आधी सुचले नसते. खोरे जेथे सर्वांत अरुंद, तेथे वारा सर्वांत जोराचा असावा अशी आपली सहज समजूत. प्रत्यक्षात लेतेच्या घळीत तो बेताचा असतो, आणि घळ संपून खोरे रुंदावते त्या मार्फा व जोमसोमच्या पट्ट्यात सेकंदाला पंधरा-वीस मीटर, म्हणजे ताशी साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत चढतो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास पाणी खोल आणि संथ असते, आणि बंधारा ओलांडताच तेच पाणी पातळ होऊन वेगाने खाली झेपावते. हवेचे येथे तेच होते. घळीने अडविलेला जाड थर बाहेर पडताच पातळ होतो आणि सुसाट सुटतो. जोमसोमची धावपट्टी नेमकी या झेपेच्या वाटेवर आहे. नदीकाठचा सपाट तुकडा मिळाला तेथे ती बांधली गेली. वाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश उरते. वेगदर्शक काटा हवेचा दाब मोजीत असल्यामुळे वैमानिकास नेहमीचाच आकडा दाखवितो, परंतु विमान प्रत्यक्षात सुमारे पंधरा टक्के अधिक वेगाने जमिनीस टेकते, आणि थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे धावपट्टी जवळजवळ एक तृतीयांश अधिक लागते. त्यातच वारा पाठीमागून आला तर काय होते याचा दाखला २०१३ च्या मे महिन्यात मिळाला: नेपाळ एअरलाइन्सचे ट्विन ऑटर पाठीवर वारा घेऊन उतरले आणि धावपट्टी सोडून थेट काली गंडकीच्या पात्रात गेले. आतील एकवीसही माणसे वाचली. त्याच्या आदल्या वर्षी, १४ मे २०१२ रोजी, दैव इतके उदार नव्हते. अग्नी एअरचे डॉर्नियर उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून माघारी वळत असता डोंगरउतारावर आदळले आणि एकवीसपैकी पंधरा जण मृत्युमुखी पडले. मृतांत बहुसंख्य भारतीय होते. मुंबईची बालअभिनेत्री तरुणी सचदेव आणि तिची आई त्यांत होत्या, आणि तो तरुणीचा चौदावा वाढदिवस होता.

परंतु १९९८ पासूनच्या पाच मोठ्या अपघातांत जे ९६ जीव गेले, त्यांपैकी विमानतळाच्या परिसरात गेलेले हे पंधराच. १९९८ च्या ऑगस्टमध्ये लुंबिनी एअरवेजचे विमान जोमसोमहून पोखऱ्याकडे येताना घोरेपाणीच्या बाजूस कोसळून १८. २००२ च्या ऑगस्टमध्ये शांग्रीला एअरचे विमान त्याच प्रवासात पोखऱ्याजवळच्या डोंगरावर आदळून १८. फेब्रुवारी २०१६ मध्ये तारा एअरचे, काही महिन्यांपूर्वीच ताफ्यात दाखल झालेले कोरे ट्विन ऑटर मार्गात नष्ट होऊन २३. आणि २९ मे २०२२ रोजी त्याच कंपनीचे दुसरे ट्विन ऑटर मुस्तांगमधील थासांगच्या डोंगरावर आदळून २२. या शेवटच्या विमानात ठाण्याचे चौघांचे एक कुटुंब होते. तारा एअरच्या या दोन्ही विमानांत बिघाड नव्हता. ती शेवटच्या क्षणापर्यंत वैमानिकाच्या ताब्यात होती, आणि तशीच डोंगरात गेली.

वाऱ्याचा हात येथे आहे, पण आडून. दुपारचा वारा टाळावयाचा तर सारी उड्डाणे सकाळच्या काही तासांत कोंबावी लागतात, आणि हिमालयाच्या दक्षिण उतारावर सकाळ म्हणजे पुष्कळदा ढगांची वेळ. ढग उठण्याची वाट पाहावी तर वारा सुटतो. वारा टाळावा तर ढगांत शिरण्याचा मोह होतो. २०२२ चे ते विमान पोखऱ्याहून ९ वाजून ५५ मिनिटांनी सुटले होते, म्हणजे मुदत संपत आली असताना. नियमाप्रमाणे या मार्गावर डोळ्यांना वाट दिसत असेल तरच उडावयाचे असते. ‘धोकादायक विमानतळ’ म्हणून दूरचित्रवाणीवर जे कार्यक्रम होतात, त्यांत हे कधी सांगितले जात नाही. तेथे नेपाळमधीलच लुक्ला या दुसऱ्या डोंगरी विमानतळाची चढती धावपट्टी पुनःपुन्हा दाखवून प्रेक्षकांचे काळीज हलविले जाते. वस्तुतः तो सुमारे बारा टक्क्यांचा चढ उतरणाऱ्या विमानास थोपविण्यासाठी आणि सुटणाऱ्यास वेग देण्यासाठी उपकारकच आहे.

धडधाकट विमान डोंगरावर जाऊन आदळावे, या एका दुर्घटनेमागे ज्याने आपले सारे आयुष्य लावले, त्या डॉन बेटमन याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, आणि याचा मला मनस्वी खेद होतो. राइट बंधू शाळकरी पोरांना ठाऊक असतात, जेट इंजिनाचा व्हिटल महाविद्यालयात भेटतो. परंतु ज्याच्या एका पेटीने विमानप्रवाशांचे सर्वाधिक प्राण वाचविले असे वैमानिकी जगत मानते, तो हा अभियंता अज्ञातच राहतो. १९३२ साली कॅनडातील सास्काटून येथे त्याचा जन्म झाला. आठ वर्षांचा असताना गावाजवळ दोन लष्करी विमानांची आकाशात टक्कर झाली, आणि एका मित्रासह वर्गातून निसटून तो अवशेष पाहण्यास गेला. शिक्षा म्हणून शिक्षिकेने त्या घटनेचा अहवाल लिहावयास लावला, आणि तो वाचून, इतके अशुद्ध लिहिणारा मुलगा इंजिनिअरच होणार असे भाकीत केले. ही हकीगत बेटमन स्वतः मोठ्या खुशीने सांगत असे.

पुढे सिएटलजवळच्या एका कंपनीत काम करताना, विमानात आधीच असलेल्या रेडिओ उंचीमापकाचा उपयोग करून, जमीन भलत्याच वेगाने जवळ येऊ लागली तर वैमानिकास ओरडून सांगणारे यंत्र त्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले. डिसेंबर १९७४ मध्ये व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे विमान आदळून ९२ जण ठार झाले, तेव्हा कोठे अमेरिकन सरकारने हे यंत्र मोठ्या विमानांत सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. त्यात एक उणीव मात्र होती: ते फक्त खाली पाहत असे. समोर एकदम उभा चढ आला तर जेमतेम काही सेकंद हाती उरत. १९७९ साली अंटार्क्टिकातील एरेबस पर्वतावर आदळलेल्या न्यूझीलंडच्या विमानास सहा-एक सेकंदच मिळाले. यावर उपाय एकच, की यंत्राच्या पोटात अवघ्या पृथ्वीचा नकाशा घालावा. परंतु डोंगराळ मुलखांचे अचूक नकाशे बव्हंशी लष्करी खात्यांच्या तिजोरीत. मग सोव्हिएत संघ कोसळला, आणि ज्या तपशिलावर एके काळी रणगाडे आणि क्षेपणास्त्रे चालावयाची, तो भूपृष्ठाचा तपशील बेटमनच्या कंपनीने चक्क विकत घेतला. शीतयुद्धाने मानवजातीवर केलेल्या मोजक्या उपकारांत याची गणना करावयास हरकत नाही. नकाशा आणि उपग्रहांवरून कळणारे स्थान यांचा मेळ बसताच यंत्र पुढेही पाहू लागले. २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी बेटमनला राष्ट्रीय पदक दिले; २०२३ मध्ये तो वारला.

असे पुढे पाहणारे यंत्र तारा एअरच्या त्या दोन्ही विमानांत होते. पण अरुंद खोऱ्यातून, नियम पाळून, स्वच्छ उन्हात उडतानाही कडे इतके जवळ असतात की ते यंत्र वाटभर ‘टेरेन, टेरेन’ असा घोष करीत राहते, आणि रोज खोटा ठरणारा इशारा माणसाच्या कानांस ऐकूच येईनासा होतो. २०१६ साली तो वाजत होता. नेहमीचाच म्हणून त्याची दखल घेतली गेली नाही. २०२२ च्या चौकशी अहवालाने तर हे यंत्र दाबून ठेवलेल्या अवस्थेत होते असे नमूद करून, अपघाताच्या संभाव्य कारणातच त्याचा समावेश केला आहे. यात वैमानिकास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. विमानतळ चालविणे आणि विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणे ही दोन्ही कामे नेपाळात एकाच प्राधिकरणाकडे आहेत. ती वेगळी करण्याचे विधेयक वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, आणि डिसेंबर २०१३ पासून युरोपीय संघाने नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली ती काही एकट्यादुकट्या वैमानिकावरील रागापोटी नव्हे.

२०२२ च्या अपघातानंतर दोनच दिवसांनी प्राधिकरणाने हुकूम काढला, की अशा उड्डाणास परवानगी द्यावयाची ती निघण्याच्या व पोचण्याच्या ठिकाणीच नव्हे, तर वाटेवरही हवामान स्वच्छ असेल तरच. हुकूम रास्त आहे. मात्र घोरेपाणीच्या खिंडीत या घटकेस ढग आहेत की नाहीत हे पोखऱ्यातील अधिकाऱ्यास कळावे कसे, हा प्रश्न उरतो. अलास्कातही खिंडींतून उडणारी लहान विमाने अशीच ढगांत नाहीशी होत असत. तेथील सरकारने खिंडी-खिंडींवर कॅमेरे बसविले, आणि त्यांची दर काही मिनिटांनी बदलणारी छायाचित्रे वैमानिकास उड्डाणापूर्वीच पाहावयास मिळू लागली. घोरेपाणी आणि लेते येथे असे दोन-चार कॅमेरे बसविण्यासाठी नव्या विज्ञानाची आवश्यकता नाही. वीज, एक खांब आणि तो हिवाळ्यात दुरुस्त ठेवणारा एक माणूस यांचा बंदोबस्त पुरे आहे.