जनसंपर्क विभागाने न तपासलेला मजकूर

कॉलेजचं माहितीपत्रक आपल्या ओळखीचं असतं. मुखपृष्ठावर इमारत, आत प्राचार्यांचं मनोगत, मग हिरवळीवर बसून हसणारी चार मुलं. मुलांनी फक्त हसायचं, बोलायचं काम जनसंपर्क विभागाचं. एमआयटीने, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, अमेरिकेतल्या केंब्रिजच्या, 2004 मध्ये ही वाटणी मोडली. प्रवेश विभागाच्या संकेतस्थळावर त्यांनी शिकत असलेल्या मुलांनाच ब्लॉग लिहायला बसवलं. मुलांच्या मजकुरावर संपादकाची कात्री चालवायची नाही, हा त्यातला खरा धाडसाचा भाग.

ब्लॉगचं तंत्र तेव्हाही कुणालाही जमण्याजोगं होतं. दुर्मीळ होती ती परवानगी. मुलांना कामाचे पैसेही मिळत. 2009 च्या सुमारास दर होता तासाला 10 डॉलर, आठवड्याला जास्तीत जास्त 4 तास. लिहायचं काय, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग कुणी रात्रभर न सुटलेल्या ‘पी-सेट’बद्दल, म्हणजे आठवड्याच्या गृहपाठाबद्दल लिहिलं, कुणी वसतिगृहातल्या स्वयंपाकाबद्दल. विभागांना नावाने नव्हे, आकड्याने हाक मारायची तिथली रीत, ‘कोर्स 6’ म्हणजे इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर, हीसुद्धा बाहेरच्या मुलांना इथूनच उमगली.

या मोकळिकीची कसोटी 2012 मध्ये लागली. एका विद्यार्थिनीने ‘मेल्टडाउन’ या मथळ्याखाली लिहिलं, की अभ्यासाच्या ओझ्याने आपण पार खचलो आहोत. प्रवेश घ्यायला येणाऱ्या मुलांसाठीच्या पानावर हे छापणं म्हणजे दुकानाच्या दारात दुकानाचीच तक्रार टांगणं. तरी ते तिथेच राहिलं. कॅम्पसवरच्या कितीतरी जणांना त्यात आपलीच गोष्ट दिसली.

मुलांच्या जोडीला अधिकारीही लिहू लागले. 2010 मध्ये प्रवेश विभागातल्या एका अधिकाऱ्याने ‘अ‍ॅप्लाइंग साइडवेज’ हा लेख लिहिला. एमआयटीत हमखास नेणारी गुरुकिल्ली कोणतीच नाही. मन लावून शिका, लोकांशी नीट वागा, आवडीच्या गोष्टीत रमा, हे त्याचं सार. कोविडच्या काळात स्थगित केलेली सॅट परीक्षेची अट 28 मार्च 2022 रोजी पुन्हा लागू झाली, तेव्हा प्रवेशप्रमुख स्टू श्मिल यांनी त्यामागची कारणं याच ब्लॉगवर तळटीपांसह मांडली. गणिताची तयारी जोखायला गुण उपयोगी पडतात आणि प्रगत विषय न शिकवणाऱ्या शाळांतली हुशार मुलंही त्यामुळे नजरेत येतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. निर्णय पटो वा न पटो, ‘वरिष्ठांच्या आदेशानुसार’ एवढ्यावर बोळवण झाली नाही.

हे सगळं निव्वळ औदार्य होतं असं समजायचं कारण नाही. ब्लॉग लिहिणारी मुलं प्रवेश विभागच निवडतो आणि पगारही तोच देतो. मालकाच्या ओसरीवर बसून किती बोलायचं, हे मुलांनाही कळतं. शिवाय अलीकडे शंभर अर्जदारांतल्या चार-पाच जणांनाच तिथे प्रवेश मिळतो. म्हणजे ब्लॉग वाचून हुरूप आलेल्या बहुतेकांच्या वाट्याला नकारच येतो. निकाल लागतो तो बहुधा 14 मार्चला, गणितातल्या ‘पाय’च्या (3.14) दिवशी. तारखेतला विनोद नकार मिळालेल्याला हसवत नसणार.

एवढं धरूनही हिशेब ब्लॉगच्या बाजूने झुकतो. आपली गाऱ्हाणी स्वतःच्याच पानावर राहू देणाऱ्या संस्थेच्या बढाईवरही लोक थोडा विश्वास ठेवतात. गुळगुळीत कागदाच्या पत्रकाला तो कितीही खर्च करून मिळत नाही.

आपल्या विद्यापीठांकडे संकेतस्थळं आहेत, जनसंपर्क अधिकारी आहेत आणि चुरचुरीत मराठी लिहिणारी मुलं तर प्रत्येक वसतिगृहात आहेत. एखाद्या विद्यापीठाने वर्षभर करून पाहावं: पाच विद्यार्थी, महिन्याला एकेक लेख, थोडं मानधन. जनसंपर्क अधिकाऱ्यांनी तो लेख बाकीच्यांबरोबरच, छापून आल्यावर वाचावा.