बंदीलाही पुरून उरलेला संघ

१९२० सालच्या नाताळच्या सुटीत लिव्हरपूलमधील गुडिसन पार्क मैदानावर फुटबॉलचा एक सामना झाला. तो पाहण्यासाठी ५३ हजार प्रेक्षक आत जमले होते. मैदानात जागा न उरल्याने आणखी हजारो लोकांना दरवाजावरूनच परतावे लागले. सामन्यातून ३ हजार ११५ पौंडांची रक्कम उभी राहिली आणि ती धर्मादाय कामासाठी देण्यात आली. मैदानावर खेळणाऱ्या बावीसही जणी महिला होत्या. या सामन्याला वर्षही पुरे होत नाही तोच इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने महिलांना आपल्या मैदानांची दारे बंद केली. त्या दिवशी जिंकलेल्या संघाचे नाव ‘डिक-कर लेडीज’. इंग्लंडमधील महिला फुटबॉलच्या उदयाची, कोंडीची आणि चिवटपणाची कहाणी या एका संघाच्या इतिहासात सामावलेली आहे.

लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन या औद्योगिक शहरात ‘डिक, कर अँड कंपनी’चा कारखाना होता. शांततेच्या काळात तेथे ट्रामगाड्या व रेल्वेचे साहित्य तयार होई. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर कारखाना दारूगोळ्याच्या उत्पादनाकडे वळला. पुरुष आघाडीवर गेल्याने त्यांच्या जागी महिला कामगार आल्या. दुपारच्या सुटीत कारखान्याच्या आवारात त्या चेंडू लाथाडू लागल्या. कचेरीत काम करणाऱ्या आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी हा खेळ पाहिला आणि त्यांच्या पुढाकाराने कामगार महिलांचा रीतसर संघ उभा राहिला.

१९१७ च्या नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर या संघाचा पहिला मोठा सामना झाला. ‘अरुंडेल कोल्टहार्ड’ या दुसऱ्या कारखान्याच्या महिलांचा त्यांनी ४-० असा पराभव केला. प्रेक्षक होते सुमारे १० हजार, आणि जमलेला निधी गेला जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला. पुरुषांच्या लीग स्पर्धा १९१५ पासून स्थगित होत्या. त्यामुळे मैदाने रिकामी होती आणि सामन्यांना देशसेवेचे अधिष्ठानही होते. साहजिकच महिलांच्या खेळण्याला त्या वेळी कोणी फारसा आक्षेप घेतला नाही.

खरा प्रश्न निर्माण झाला तो युद्ध संपल्यावर. कारखान्यांतील महिलांनी आता घरी परतावे, अशी समाजाची अपेक्षा होती. डिक-कर संघाच्या खेळाडू मात्र मैदानावरून परतल्या नाहीत. एप्रिल १९२० मध्ये अलीस मिलिया यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सचा महिला संघ इंग्लंडमध्ये आला. डीपडेलवरील पहिला सामना डिक-करने २-० असा जिंकला, आणि तो पाहायला २५ हजार प्रेक्षक हजर होते. त्याच वर्षी प्रेस्टनच्या मुलींनी फ्रान्सचा दौराही केला. डिसेंबरमध्ये डीपडेलवर रात्रीचा सामना खेळवण्याची कल्पना निघाली. त्यासाठी लष्कराचे विमानविरोधी सर्चलाइट हवे होते. तत्कालीन युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी परवानगी दिली, काळोखात दिसावा म्हणून चेंडू पांढरा रंगवण्यात आला आणि १२ हजार प्रेक्षकांनी तो सामना पाहिला. त्यानंतर काही दिवसांतच गुडिसन पार्कवरील तो विक्रमी सामना झाला. मुख्य आघाडीची खेळाडू फ्लॉरी रेडफर्ड हिची गाडी चुकल्याने ती येऊ शकली नाही. तेव्हा उत्तरार्धात कर्णधार ॲलिस केल स्वतः आघाडीला गेली आणि तिने हॅटट्रिक नोंदवली. सेंट हेलेन्सचा संघ ४-० असा पराभूत झाला.

याच सेंट हेलेन्स गावची लिली पार ही मुलगी १९२० मध्ये डिक-कर संघात दाखल झाली, तेव्हा ती अवघी १४-१५ वर्षांची होती. डाव्या बगलेवरून ती मारत असलेल्या फटक्यांच्या ताकदीबद्दल अनेक आख्यायिका आहेत. पुढे तीस वर्षे ती या संघातून खेळत राहिली.

१९२१ हे वर्ष संघाच्या वैभवाचे ठरले. त्या एका वर्षात ६७ सामने आणि सुमारे ९ लाख प्रेक्षक! कारखान्यातील नोकरी सांभाळून या मुली गावोगाव खेळत होत्या. खेळासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून प्रत्येकीला सामन्यामागे १० शिलिंग मिळत.

याच लोकप्रियतेवर ५ डिसेंबर १९२१ रोजी कुऱ्हाड कोसळली. फुटबॉल हा खेळ स्त्रियांना योग्य नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये, असा ठराव फुटबॉल असोसिएशनने संमत केला. संलग्न क्लबांनी आपली मैदाने महिलांच्या सामन्यांना देऊ नयेत, असे त्यात बजावले होते. सामन्यांच्या उत्पन्नाचा अवाजवी भाग खर्चात जातो आणि धर्मादाय कामाला पुरेसा पैसा पोचत नाही, असा आरोपही ठरावात होता. हा खेळ स्त्रीच्या शरीराला अपायकारक आहे, असे सांगणारे डॉक्टरही पुढे आले.

ही कारणे वरवरची होती, असे मानायला जागा आहे. पुरुषांच्या लीगचा विस्तार नेमका याच सुमारास होत होता. १९२० मध्ये तिसरी श्रेणी सुरू झाली आणि १९२१ मध्ये तिला उत्तर विभागाची जोड मिळाली. या नव्या क्लबांना तिकीट काढून येणारा प्रेक्षक हवा होता. दुसरीकडे महिलांचे संघ जमवत असलेल्या पैशावर असोसिएशनचा ताबा नव्हता. युद्धातील जखमींसाठी होणारे सामने एकवेळ खपून गेले. परंतु १९२१ च्या टाळेबंदीत होरपळलेल्या खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही महिलांनी सामने खेळले, तेव्हा हा खेळ प्रस्थापितांना अडचणीचा वाटू लागला असल्यास नवल नाही. महिलांचे फुटबॉल फसले म्हणून बंदी आली नाही. ते यशस्वी झाल्यामुळे आली.

बंदीने कोणाला खेळण्यापासून थेट रोखले नव्हते, फक्त मैदान काढून घेतले होते. पण मैदानाबरोबर प्रेक्षागृह गेले, तिकिटे गेली आणि वृत्तपत्रांतील जागाही गेली. महिला संघांनी त्याच महिन्यात स्वतःची स्वतंत्र संघटना स्थापन केली, मात्र ती फार काळ टिकली नाही. मैदान मिळाले नाही तर नांगरलेल्या शेतातही खेळू, अशी फ्रँकलंड यांची भूमिका होती. १९२२ मध्ये संघ कॅनडाच्या दौऱ्यावर निघाला. तेथेही खेळण्यास मनाई झाली, तेव्हा संघाने अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी सामने खेळले आणि त्यांतले काही जिंकलेही.

१९२६ मध्ये कारखान्याच्या नव्या मालकांशी फ्रँकलंड यांचे बिनसले. संघाचे नाव बदलून ‘प्रेस्टन लेडीज’ झाले. अनेक खेळाडूंनी प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात नोकरी धरली. लिली पारही त्यांत होती. ती १९५१ पर्यंत खेळली. फ्रँकलंड यांचे १९५७ मध्ये निधन झाले आणि खेळाडू मिळेनाशा झाल्याने १९६५ मध्ये संघ विसर्जित झाला. नोंदींनुसार त्याने ८२८ सामने खेळले, ७५८ जिंकले, ४६ बरोबरीत सोडवले आणि केवळ २४ गमावले. यांतील बहुसंख्य सामने बंदीच्या काळातले आहेत.

संघ संपला त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या पुरुषांनी विश्वचषक जिंकला आणि मुलींमध्येही फुटबॉलची नवी लाट आली. १९६९ मध्ये महिला फुटबॉलची संघटना स्थापन झाली. १९७१ पर्यंत बंदी पूर्णपणे उठली. असोसिएशनने या निर्णयाबद्दल माफी मागितली ती २००८ मध्ये. लिली पारला १९७८ मध्ये मृत्यू आला. राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या सन्मान दालनात २००२ मध्ये स्थान मिळालेली ती पहिली महिला ठरली आणि २०१९ मध्ये तिचा पुतळाही उभा राहिला.

महिलांच्या खेळाला प्रेक्षकच नसतात, मग पैसा कोठून येणार, हा युक्तिवाद अनेक देशांत आणि अनेक खेळांबाबत ऐकू येतो. इंग्लंडपुरते तरी त्याचे उत्तर आकडेच देतात. गुडिसन पार्कवरील ५३ हजारांहून मोठी गर्दी ब्रिटनमध्ये महिलांच्या फुटबॉलला पुन्हा दिसली ती थेट २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, आणि २०२२ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याला वेम्ब्लीवर ८७ हजार १९२ प्रेक्षक आले. मधल्या ९० वर्षांत प्रेक्षकांची आवड आटली नव्हती. निम्म्याहून अधिक काळ त्यांना पाहण्यासाठी मैदानच ठेवले गेले नव्हते, आणि तुटलेली परंपरा पुन्हा जोडायला उरलेला काळ लागला. एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५ मध्ये नव्या मैदानावर गेला, तेव्हा गुडिसन पार्क पाडण्याऐवजी क्लबच्या महिला संघाकडे सोपवण्यात आले. बंदीच्या ठरावाने दार लावून घेतलेल्या मैदानांपैकी किमान एक तरी आता महिलांच्या हक्काचे आहे.