पोटाचीही तालीम

हा विषय आपल्या पत्रिकेत कसा आला असे आपणांस वाटेल. थोडा धीर धरा, शेवटी तो साखरेवरच येतो.

गाळप हंगाम संपल्यावर चैत्रात आम्ही आठवडाभर मुंबईस होतो. आमचे एक जुने सभासद मित्र परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेत आहेत, त्यांना भेटावयाचे होते. मुक्काम त्यांच्या चिरंजीवांच्या खोलीवर, परळच्याच एका चाळीत. ही खोली आजोबांची. ते गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो लांबत गेला, तेव्हा आजोबा गावी आले आणि ऊस लावला. खोली मात्र सोडली नाही. आता तिथे भिंतीवर सायकल टांगलेली आणि तिच्याखाली आमचे अंथरूण. पहाटे पावणेचारला सायकल खाली उतरली तेव्हा आम्हांस वाटले, चोरच शिरला!

मुलगा ट्रायथलॉनची तयारी करतो. आधी पोहायचे, लगेच सायकल, लगेच धावायचे, मधे बसणे नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीला आयर्नमॅन म्हणतात : 3.8 किलोमीटर पोहणे, 180 सायकल आणि 42.2 धावणे, सगळे एका दिवसात. हे खूळ हवाई बेटांवर 1978 साली निघाले. पंधराजण उतरले, बाराजणांनी पुरे केले. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलर यांना पावणेबारा तासांहून थोडे जास्त लागले. दुसऱ्या आलेल्या गड्याच्या मदतनिसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली म्हणे! त्या काळी खाण्यापिण्याचा हिशेब इतपतच होता.

आपल्याकडेही हे लोण पोचले आहे. परळला लागूनच दादर. तिथल्या शिवाजी पार्कचे मिलिंद सोमण एके काळचे राष्ट्रीय जलतरणपटू. 2015 च्या जुलैत, पन्नाशीला टेकलेले असताना, त्यांनी झ्युरिकची आयर्नमॅन 15 तास 19 मिनिटांत पुरी केली. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी तर वीसहून अधिक केल्या आणि इतरांना शिकवतातही. 2019 साली गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, याच नावाची निम्म्या अंतराची शर्यत पहिल्यांदा झाली. आमच्या पाहुण्याचा डोळा त्या गोव्याच्या शर्यतीवर आहे.

पण आम्हांस सांगायचे आहे ते फेब्रुवारीतले. वडिलांचे दुखणे नुकतेच कळले होते. दिवसा कचेरी, रात्री वडिलांच्या उशाशी. डबा तसाच परत यायचा. दिवस चहा-वडापाववर निघायचा. तरी रविवारची सायकल सोडवेना. परळहून ठाणे, पुढे नाशिक रस्त्याने पडघा आणि माघारी. परतताना ठाण्याजवळ हातापायांतले बळ गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याने त्याला सावलीत बसवले आणि दोन पेले उसाचा रस पाजला. पाव तासाने गडी उठून बसला. (ऊस कुणाच्या फडातला होता कोण जाणे, पण आम्हांस ऐकून बरे वाटले.)

“काका, पाय नव्हते दमले,” तो म्हणाला, “टाकीच रिकामी होती.”

टाकीचा हिशेब असा. आपले यकृत आणि स्नायू मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम साखर साठवतात. नेटाने मेहनत केली तर ती दीड-दोन तासांत उतरणीला लागते. चरबी भरपूर असते, पण ती ओल्या लाकडासारखी, सावकाश जळते. म्हणून चालत्या शर्यतीत खावे लागते. नुसते ग्लुकोज आतडे तासाला साठेक ग्रॅमच आत घेते. मात्र फळसाखर, म्हणजे फ्रुक्टोज, दुसऱ्या वाटेने आत जाते. दोन्ही मिसळून दिले तर नव्वद ग्रॅमपर्यंत पचते. आणि आपली उसाची साखर म्हणजे तरी काय? अर्धे ग्लुकोज, अर्धे फ्रुक्टोज! परदेशी पुड्यांना भारी किंमत मोजण्यापेक्षा हा मुलगा बाटलीत साखर, मीठ आणि लिंबू घालून नेतो. (आमच्या मधुमेही सभासदांनी यातून सवलत काढू नये. हे चार-चार तास घाम गाळणाऱ्यांसाठी आहे.)

पण नव्वद ग्रॅम पहिल्या दिवशी झेपत नाहीत. गावाकडून आलेली काकवी त्याने एकदा हौसेने भरपूर घेतली आणि सायकल रस्त्याकडेला टाकून आडोसा शोधावा लागला. आतड्यालाही सवय लावावी लागते. चाळीस ग्रॅम, मग पन्नास, मग साठ.

हे सगळे तो रुग्णालयातल्या बाकावर बसून आम्हांस सांगत होता. वडील ऐकत होते. केस गेलेले, अंगात ताकद नाही, पण आवाज तोच.

“आरं, सगळं खत लागणीलाच टाकून ऊस येतो व्हय? थोडं लागणीला, मग दीड-दोन महिन्यांनी, मग मोठ्या बांधणीला. हप्त्यानं द्यावं लागतं.” (हप्ता म्हटले की सभासदांचे कान टवकारतात, पण हे खताचे हप्ते.)

मुलगा हसला. आता तो घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी दोन घोट घेतो. त्याहून अवघड गोष्टही त्याने केली. आठवड्याचे दहा तास सात केले. वडिलांना औषध चढवतात त्या आठवड्यात लांब सायकल नाही. शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात पोहून यायचे आणि सोबत बसायचे. डबा दोघांचा एकत्र येतो. वडिलांना अन्नाची शिसारी येते, मुलाला भूक आवरत नाही. उसळ-अंडी एकाच्या वाट्याला, मऊ भात दुसऱ्याच्या. “हा खातो ते बघून माझे दोन घास जात्यात,” मित्र म्हणाले. पहिल्या महिन्यात मुलाला तेही दाखवता आले नव्हते, कारण तोच उपाशी होता.

तास घटल्याने गोवा यंदा जमेल की नाही, सांगता येत नाही. मुलगा म्हणतो, पुढच्या वर्षी. वडील ऐकत नाहीत. त्यांना मिरामारला खुर्ची टाकून बसायचे आहे, आणि पुढच्या वर्षाचा वायदा त्यांना नको आहे.

निघताना त्यांनी आमचा हात धरला. शर्यत गाळपाच्या तोंडावर येते. “आमच्या गटातल्या चिटबॉयला तेवढं सांगून ठेवा,” ते म्हणाले, “त्या आठवड्यात माझ्या फडात टोळी घालू नका. मी घरी नसणार.”

निरोप आम्ही शेतकी विभागात दिला आहे.