सहकाऱ्याच्या घरी पाळणा हलतो तेव्हा

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक भगिनी मला भेटावयास आल्या. त्या रोज लोकलने मुंबईला नोकरीसाठी जातात. त्यांच्या कचेरीतील एका तरुण सहकारी स्त्रीला बाळ झाले होते. ती अविवाहित असून एका तरुणासोबत राहते. कचेरीतील मंडळींनी बाळंतविड्यासाठी वर्गणी काढली. पाकीट आपल्या टेबलाजवळ येत आहे असे दिसताच या भगिनी चहाचे निमित्त करून उठून गेल्या. त्यांनी मला विचारले, “फादर, मी पैसे दिले असते तर तिच्या वागण्याला माझी संमती आहे, असा अर्थ झाला नसता का? आणि दिले नाहीत हे जर योग्य असेल, तर मग माझ्या मनाला टोचणी का लागली आहे?”

हा प्रश्न केवळ एका भगिनीचा नाही. कोणाच्या सहकाऱ्याला कृत्रिम गर्भधारणेने मूल होते, तर कोणाला अन्यधर्मीय मित्राच्या बाळाच्या बारशाचे आमंत्रण येते. अशा वेळी श्रद्धावंत माणूस गोंधळून जातो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू या.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. विवाहाचे पावित्र्य आणि मानवी जीवनाचा उगम यांविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण सर्वांना ठाऊक आहे आणि ती बाजूला सारण्याचे काही कारण नाही. प्रश्न आहे तो असा, की दुसऱ्याच्या ज्या कृतीशी आपण सहमत नाही, तिच्याशी आपली मदत कोठवर जोडली जाते?

नीतिशास्त्राने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. मालक दुराचारासाठी खिडकीतून आत शिरत असताना जो नोकर जाणूनबुजून त्याची शिडी धरतो, तो भीतीपोटी तसे करीत असला तरी निर्दोष ठरतो, असे काहींचे मत होते. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली ते नाकारले. पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांनी या उदाहरणाची चिकित्सा केली. याच संतांना १९५० साली नीतिशास्त्रज्ञांचे आश्रयदाते म्हणून घोषित करण्यात आले. या चिंतनातून पुढे आलेला भेद असा : जो दुसऱ्याच्या चुकीच्या हेतूत सामील होतो, तो त्या चुकीचा वाटेकरी होतो. ज्याचा हेतू वेगळा व चांगला आहे, त्याच्या कृतीचा त्या चुकीशी किती जवळचा संबंध आहे, हे तपासून पाहावे लागते.

आता हा निकष आपल्या प्रसंगाला लावून पाहा. बाळाचा जन्म झालेला आहे. दुपटे, झबले, डिंकाचे लाडू किंवा शंभर रुपयांची वर्गणी यांनी कोणतीही चूक घडण्यास मदत होत नाही. त्याने एका बाळाला ऊब मिळते आणि एका बाळंतिणीच्या अंगी शक्ती येते. येथे कोणी शिडी धरीत नाही. जन्मलेले मूल ही चूक नसून ती परमेश्वराची निर्मिती आहे. कृत्रिम गर्भधारणेला नकार देणाऱ्या १९८७ सालच्या ‘दोनुम विते’ या व्हॅटिकनच्या दस्तऐवजातही, अशा रीतीने जन्मलेल्या बाळाचा देवाच्या कृपेचे जिवंत दान म्हणून स्वीकार करावा व त्याला प्रेमाने वाढवावे, असे स्पष्ट सांगितले आहे.

ही दृष्टी आपल्यात नेहमीच होती असे मात्र नाही. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यात विवाहबाह्य जन्म हा धर्मगुरुपदाच्या मार्गातील एक अडथळा होता. १९८३ च्या नव्या कायद्यात तो उरला नाही. पेरू देशातील संत मार्टिन डी पोरेस यांचे आईवडील विवाहित नव्हते. १९६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. १२ जानेवारी २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सिस्टीन चॅपेलमध्ये ३२ बालकांना स्नानसंस्कार दिला. त्यांतील एका बालकाच्या आईवडिलांचा विवाह चर्चमध्ये झालेला नव्हता.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्या देशात अविवाहित स्त्रीला गर्भपाताचा मार्ग कायद्याने खुला आहे. लोकनिंदेच्या भयाने तो पत्करणे तिला सोपे वाटू शकते. तरीही एखादी स्त्री बाळाला जन्म देते, तेव्हा तिने जीवनाची निवड केलेली असते. आपण गर्भपाताविरुद्ध बोलतो आणि बाळ जन्मल्यावर मात्र पाठ फिरवतो, तर आपल्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने वडिलांचे नाव उघड न करता एका अविवाहित मातेचा आपल्या मुलाच्या पालकत्वासाठीचा अर्ज विचारात घेण्याचा आदेश दिला. ती माता ख्रिस्ती होती. तेव्हा हा प्रश्न ‘त्यांचा’ आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही.

मग मर्यादा कोठे आहे? गर्भपातासाठी किंवा भाडोत्री मातृत्वासाठी कोणी पैसे मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा, कारण तेथे मदत थेट त्या कृतीलाच लागते. “तुम्हाला हे योग्य वाटते का?” असे कोणी प्रामाणिकपणे विचारले, तर खोटे बोलू नये. परंतु कोणी न विचारता लाडवांच्या डब्याबरोबर उपदेश पाठवू नये. बारशाला आनंदाने जावे, बाळाला आशीर्वाद द्यावा. आपल्या श्रद्धेत न बसणाऱ्या विधीच्या वेळी आदराने बाजूला उभे राहता येते.

मदत वर्गणीपुरतीच असावी असेही नाही. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. रात्रभर जागलेली आई गर्दीच्या लोकलमधून कामावर येते. तिचे एखादे काम वाटून घेणे, तिला वेळेवर निघता यावे म्हणून संध्याकाळची बैठक लवकर ठेवण्याचा आग्रह धरणे, तिच्याविषयीची कुजबुज आपल्यापाशी थांबवणे, याला पैसे लागत नाहीत.

आणि मतभेद दोन्ही बाजूंनी असतात. चौथ्या अपत्याचे स्वागत करणाऱ्या आपल्या एखाद्या भगिनीलाही कचेरीत “अजून एक?” असे टोमणे ऐकावे लागतात. तेव्हा तिला न पटणारी गोष्ट बाजूला ठेवून डबा आणून देणारी सहकारी भेटली, तर तिला केवढा धीर येतो!

एलिझाबेथ गरोदर आहे हे कळताच पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातील तिच्या घरी त्वरेने गेली आणि सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली, असे संत लूक सांगतात. बाळाची चाहूल लागलेल्या घरी जाण्याचा हाच आपला परिपाठ आहे.

त्या भगिनीला मी इतकेच सांगितले, की मनाला लागलेली टोचणी हा देवाने दिलेला आवाज आहे. वर्गणीचे पाकीट निघून गेले असले तरी बाळ अजून लहान आहे, आणि त्याच्या आईचे घर कोठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.