मोठ्या आंतड्याचा कर्करोग व आपल्या ताटांतील वनस्पतिद्रव्यें

हळदीनें कर्करोग टळतो काय, असा प्रश्न हल्लीं शेतकरी बंधूंकडून वारंवार विचारला जातो. हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या बाजारांत विकावयास आल्या असून त्यांपायीं पुष्कळांचा पैसा खर्च होतो. सबब या विषयांतील निश्चित माहिती वाचकांस सादर करणें इष्ट वाटतें.

मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशी चार-पांच दिवसांत झडून नव्या येत असतात. या अखंड घडामोडींत एखादी पेशी बिघडली म्हणजे तेथें लहानसा मांसल अंकुर उगवतो. बहुतेक अंकुर निरुपद्रवी राहतात. कांहींचा मात्र कर्करोग होतो, व त्यास बहुधा दहा वर्षें किंवा अधिक काळ लागतो. आहारानें कांहीं उपकार व्हावयाचा तो याच अवधींत.

डेनिस बर्किट नांवाच्या आयरिश शल्यवैद्यानें युगांडा देशांत पुष्कळ वर्षें काम केलें. तेथील खेडुतांत हा रोग क्वचित, आणि इंग्लंडांत मात्र घरोघर ऐकूं येणारा, हें पाहून त्यानें १९७१ सालीं असें मत मांडलें कीं, याचें कारण अन्नांतील चोथ्यांत असावें. भारतांतही या रोगाचें प्रमाण पाश्चात्य देशांच्या मानानें कमी आहे. चोथा आपणांस पचत नाहीं, म्हणून तो निरुपयोगी असें पूर्वीं समजत. वस्तुतः तो मोठ्या आंतड्यांत पोंचल्यावर तेथील जिवाणू त्यास आंबवितात व त्यांतून ब्युटिरिक आम्ल तयार होतें. खवट लोण्यास जो वास येतो तो याच आम्लाचा! आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें मुख्य खाद्य तेंच. आणि प्रयोगशाळेंत असें दिसून आलें आहे कीं, बिघडलेल्या पेशी त्याच्या योगानें मरतात. शिवाय चोथ्यामुळें मळ लवकर पुढें सरतो, म्हणजे घातक द्रव्यांचा अस्तराशीं संबंध थोडा वेळ राहतो.

शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम चोथा असतो, तुरीच्या डाळींत ९, अख्ख्या हरभऱ्यांत २५, आणि सडीक पांढऱ्या तांदुळांत अवघा ३. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०११ सालीं काढलेला निष्कर्ष असा कीं, रोजच्या आहारांत चोथा १० ग्रॅमनें अधिक असणारांत हा रोग सुमारें शेंकडा १० नें कमी आढळतो. प्रस्तुत लेखकाचा जन्म पीकपाहणीचीं पत्रकें भरण्यांत गेला. त्या पत्रकांत ज्वारीचा रकाना आटत जाऊन सोयाबीनचा फुगत गेलेला त्यानें पाहिला आहे. शेतांतली ज्वारी गेली ती पुढें ताटांतूनही गेली. भाव पाहून पीक घेणें रास्तच. पण घरापुरती ज्वारी पेरावयास कोणाची हरकत नाहीं.

आतां अन्य द्रव्यांविषयीं. वनस्पतींस कीड, बुरशी व ऊन यांपासून पळतां येत नाहीं, म्हणून त्या आपल्या अंगीं नाना प्रकारचीं द्रव्यें निर्माण करतात. कोबी, मुळा व मोहरी यांचा तिखट झणका, लसणाचा उग्र वास, संत्र्याच्या सालीचा कडूपणा हीं त्यांचींच रूपें. जवसांतील एका द्रव्याचें रूपांतर आंतड्यांतील जिवाणूच करतात, तेव्हां तें अंगीं लागतें. कोबी फार शिजविल्यास मात्र झणका उत्पन्न करणारा घटक नष्ट होतो.

हळदीची गोष्ट निराळी. वर्धा जिल्ह्यांतील वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आपणांस भूषणाची गोष्ट. तींतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यानें उंदरांच्या आंतड्यांतील गांठी कमी झाल्या, हेंही खरें. परंतु आनुवंशिक अंकुररोग असलेल्या ४४ मनुष्यांवर केलेला प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही कांहीं फरक पडला नाहीं. त्याहून सावध करणारी हकीगत फिनलंडची. तेथें गाजरांतील पिवळ्या द्रव्याच्या गोळ्या धूम्रपान करणारांस दिल्या, तों फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला असें १९९४ सालीं आढळलें. गाजर खाणें व गोळी गिळणें एक नव्हे. म्हणून भाजींत पडते तेवढी हळद पुरे.

चोथ्याच्या बाजूनेंही सर्व पुरावा आहे असें नाहीं. अमेरिकेंत अंकुर काढलेल्या सुमारें २,००० लोकांस चार वर्षें भरपूर भाजीपाला व चोथायुक्त अन्न दिलें, तरी नवे अंकुर कमी झाले नाहींत, असें २००० सालीं जाहीर झालें. दहा वर्षांच्या रोगास चार वर्षें अपुरीं, असें कित्येक तज्ज्ञ म्हणतात, व तें आम्हांस पटतें.

नागपुरी मनुष्य खर्रा चघळीत हळदीचे गुण विचारतो, याचें नवल वाटतें! तंबाखू व दारू सोडणें, आणि सावजी मटणाचे वार कमी करणें यांचा उपयोग कोणत्याही चूर्णाहून अधिक. तांबडें मांस अधिक खाणारांत हा रोग अधिक, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें २०१५ सालीं नमूद केलें आहे.

शौचावाटे रक्त जाणें, शौचाची संवय बदलून तशीच राहणें, कारणाविना वजन व रक्त कमी होणें, यांस मूळव्याध समजून काढे घेत बसूं नये. दुर्बिणीच्या तपासणींत अंकुर दिसला तर तो तेव्हांच काढतां येतो. आईबाप किंवा भावंड यांपैकीं कोणास हा रोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षीं, अथवा त्या आप्तास ज्या वयांत रोग आढळला त्याच्या दहा वर्षें आधीं, यांपैकीं जें वय लवकर येईल त्या वयांत ही तपासणी करवून घ्यावी.