मैत्रीचं टाइमटेबल (खास कॉट बेसिसवाल्यांसाठी)

एफ.ई.च्या तमाम ज्युनिअर मंडळींनो, एव्हाना एम-वनची धडकी भरली असेल, ग्राफिक्सच्या शीटवर पेन्सिल घासून बोटं काळी झाली असतील आणि 'सबमिशन' हा शब्द मूळचा मराठीच आहे असं वाटायला लागलं असेल. या सगळ्यावर सल्ले द्यायला सीनिअर लोक रांगेत उभेच असतात. पण एका विषयावर कुणीच काही बोलत नाही. हॉस्टेलच्या लिस्टमध्ये ज्यांचं नाव लागलं नाही आणि घरही पुण्यात नाही, त्या पोरापोरींनी मित्र जमवायचे कसे?

अशी जनता आपल्याकडे पुष्कळ आहे. कुणी कॉट बेसिसवर राहतं, कुणी चौघांत मिळून कोथरूडला फ्लॅट घेतं, कुणी आत्याकडे असतं, तर कुणी लोणावळ्याहून नाहीतर दौंडहून रोज अप-डाऊन करतं. मी स्वतः सोलापूरची. कर्वेनगरला एका काकूंकडे पीजी म्हणून राहतेय, हे तिसरं वर्ष. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं मराठी थोडं धेडगुजरी आहे, तेवढं चालवून घ्या. आकडे मात्र मुद्दाम अंकांत लिहिते आहे, म्हणजे एकोणसत्तर की एकोणऐंशी हा वाद नको!

आधी थोडी थिअरी, मग प्रॅक्टिकल. इंजिनिअरिंगचा नियमच आहे तो.

आपली मैत्री कुणाशी होते? स्वभाव जुळतो त्याच्याशी, असं आपण म्हणतो. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात 'वेस्टगेट' नावाची विद्यार्थ्यांची वसाहत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लग्न झालेले विद्यार्थी राहायला आले. कोणतं घर मिळेल हे त्यांच्या हातात नव्हतं, रिकामं होईल ते घ्यायचं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी तिथे कोण कुणाचा मित्र झाला ते तपासलं आणि १९५० साली पुस्तक काढलं. दुमजली इमारती, एका मजल्यावर ५ घरं. अगदी शेजारच्या दारातल्या माणसाला मित्र म्हणून निवडण्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं. एक घर सोडून पलीकडचा असेल तर २२ टक्के. मजल्याच्या दुसऱ्या टोकाचा असेल तर फक्त १० टक्के! आणि अंतर किती? दोन दारांमध्ये काही पावलंच. गंमत म्हणजे जिन्याच्या तोंडाशी ज्यांचं घर होतं, त्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशीही जास्त मैत्री झाली. कारण येता-जाता सगळे त्यांच्याच दारावरून जायचे.

दुसरा प्रयोग तर आपल्या रोल नंबरचाच वाटेल. मॅडी सीगल यांनी मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षणार्थींचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला. तिथे बसायच्या जागा आणि खोल्या आडनावाच्या अक्षरांप्रमाणे दिल्या होत्या. मैत्री झाली ती बरीचशी अक्षरानेच! म्हणजे पाटीलला पवार भेटला आणि कुलकर्णीला कदम.

आता मुख्य मुद्दा. जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास मांडला. नुकतंच गाव बदललेले लोक आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी यांना विचारलं, की नव्या ओळखीच्या माणसाबरोबर तुम्ही किती तास घालवलेत आणि तो आता तुमचा कोण लागतो? ढोबळ उत्तर असं आलं: नुसत्या ओळखीतून जुजबी दोस्ती व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री म्हणण्याजोगी व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. शिवाय वर्गात किंवा कामावर बाजूबाजूला बसून काढलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, टवाळक्या, एकत्र खाणं, उगाच भटकणं, हेच तास मोजायचे.

कॅल्क्युलेटर काढा. हॉस्टेलवाला मेसमध्ये जेवतो, कॉरिडॉरमध्ये ब्रश करत गप्पा मारतो, रात्री अकराला कुणाच्या तरी खोलीत मॅगी खातो. दिवसाचे ३ तास धरा. ९० भागिले ३, म्हणजे ३० दिवस. एका महिन्यात मैत्री तयार, आणि त्याला पत्ताही लागत नाही. आता आपला कॉट बेसिसवाला. कॅन्टीनमध्ये रोज २० मिनिटं, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे १०० मिनिटं. ९० तास म्हणजे ५४०० मिनिटं. उत्तर आलं ५४ आठवडे! एक सेमिस्टर १६ आठवड्यांचं धरलं तर ती मैत्री एस.ई.च्या दुसऱ्या सेमला होणार. तोपर्यंत ग्रुप पडलेले, प्रोजेक्ट पार्टनर ठरलेले आणि गोव्याचा प्लॅन तीनदा होऊन तीनदा कॅन्सल झालेला.

म्हणून सांगते, दोन महिन्यांनी "मला इथे कुणी मित्रच नाही, माझ्यातच काहीतरी कमी आहे" असं वाटायला लागलं तर आधी हे गणित करा. स्वभावात काही खोट नसते हो, तास भरलेले नसतात. अटेंडन्स कमी पडली की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं ना, तसंच हे. फरक इतकाच की ही लिस्ट कुणी नोटीस बोर्डावर लावत नाही.

आणि ती लावत नाहीत म्हणूनच ती भयानक आहे. आमच्या एफ.ई.च्या बॅचमध्ये एक मुलगा होता. हुशार, शांत, शेवटचं प्रॅक्टिकल संपलं की बस पकडायला पळायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. सबमिशनच्या वेळी सरांनी विचारलं, "अरे, तो कुठे आहे?" वीस जणांच्या बॅचमध्ये तो कुठे राहतो, कुठे जेवतो, कुठल्या बसने येतो, हे एकालाही सांगता येईना. नंबर सगळ्यांकडे होता, व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तो होता. नंतर कळलं की त्याने अॅडमिशन कॅन्सल केली. का केली ते आम्हाला कधी कळलं नाही. विचारण्याइतकी ओळखच कुणाची नव्हती.

तर आता प्रॅक्टिकल. हॉस्टेलवाल्याला जे तास फुकट मिळतात, ते आपल्याला टाइमटेबल लावून मिळवायचे आहेत. कसे ते बघा.

पहिलं, आपली प्रॅक्टिकल बॅच. हा तुमचा 'जिना' आहे. रोल नंबर मागे-पुढे असलेले तेच ते चेहरे वर्कशॉपला, केमिस्ट्री लॅबला, ओरलच्या रांगेत, सगळीकडे तुमच्याच शेजारी असणार. जॉब घासताना नुसतं घासत बसू नका. कुठला आहेस, कुठे राहतोस, जेवतोस कुठे, हे तीन प्रश्न विचारा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर "मेस बरी नाहीये" असंच असतं आणि त्यावर अर्धा तास सहज बोलता येतं.

दुसरं, शेवटच्या लेक्चरनंतरचा एक तास. लेक्चर संपलं की बस स्टॉपकडे धावायची आपल्याला सवय असते. आठवड्यातून तीन दिवस ते थांबवा. लायब्ररीच्या पायऱ्या, कॅन्टीन, ड्रॉइंग हॉल, कुठेही. पण जागा एकच ठेवा आणि वेळही एकच. असाइनमेंट तिथेच लिहा. पहिल्या आठवड्यात एकटेच बसाल, दुसऱ्यात कुणीतरी "अगं, तुझी शीट झाली का?" म्हणून टेकेल. आठवड्याला ३ तास म्हणजे एका सेममध्ये ४८. मगाचे ५० आठवतात? जवळपास झालेच की! आणि पीएमपीची गर्दीही थोडी कमी झालेली असते.

तिसरं, रविवारची संध्याकाळ. पुण्यात बाहेर राहणाऱ्या कुणालाही विचारा, आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ कोणती? दुपारी मेसमध्ये फीस्ट होते आणि संध्याकाळी मेस बंद. रूममध्ये शांतता, घरून फोन येतो, आई विचारते "जेवलीस का?" आणि आपण बिस्किटाचा पुडा हातात धरून "हो" म्हणतो. आता विचार करा, त्याच वेळी शहरभर आपल्यासारखे हजारो जण नेमके हाच विचार करत असतात की जेवायचं कुठे. आम्ही चौघींनी एफ.ई.च्या दुसऱ्या सेममध्ये ठरवलं, रविवारी संध्याकाळी साडेसात, एकत्र जेवायचं. कधी पावभाजी, कधी डोसा, महिनाअखेरीला कुणाच्या तरी रूमवर माझ्या घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. काकूंचं दार साडेनऊला बंद होतं, म्हणून वेळ साडेसातची. आजही त्या तिघींना मी सर्वात आधी फोन करते.

चौथं, अॅक्टिव्हिटी एकच घ्या, पण शेवटपर्यंत करा. पहिल्या आठवड्यात पाच क्लबचे फॉर्म भरायचे आणि महिन्यात पाचही सोडायचे, हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास काम करायचं असतं, शिवाय ७ दिवसांचं निवासी शिबिर. कामाचे तास सगळे मैत्रीच्या खात्यात जमा होत नसतील, पण श्रमदानानंतर पंगतीला बसलात, रात्री भांडी घासताना गाणी म्हटलीत, ते नक्की होतात. नाटकाची आवड असेल तर १९६३ पासून चालू असलेला 'पुरुषोत्तम' आहेच. स्टेजवर बोलायला भीती वाटत असेल तर बॅकस्टेज करा. सेट उचलणाऱ्यांची दोस्ती हिरो-हिरॉइनपेक्षा घट्ट असते असं माझं निरीक्षण आहे. बाहा, रोबोकॉनच्या टीममध्ये ज्युनिअरला आधी झाडू आणि मग स्पॅनर मिळतो, पण रात्री चहाही मिळतो. ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या महिना-दीड महिना आधी सुरू होतो, म्हणून अॅडमिशन उशिरा झाली असेल तर ते पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. निवडताना एकच बघा: संपतं किती वाजता, आणि तिथून रूमवर पोचायचं कसं. मुलींनो, पीजीच्या काकूंना आधीच सांगून ठेवा आणि बरोबर कोण येणार त्या मैत्रिणीची ओळख करून द्या. काकू वरून कडक असतात, पण एकदा ओळख झाली की दहा मिनिटांचं गणित जमतं.

पाचवं, शनिवार-रविवार. शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस दिसली की आमच्या सोलापूरकरांचे पाय आपोआप स्टेशनकडे वळतात. घरी जाऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही, आईच्या हातचं ते आईच्या हातचं. पण पहिल्या सेममध्ये दर आठवड्याला गेलात तर गप्पांचे आणि भटकण्याचे सगळे तास गाडीत जातात. एकाआड एक आठवडा जा. आणि परत येताना डबा चौघांचा आणा!

सहावं आणि सगळ्यात अवघड, आपण आधी विचारायचं. "ती मला हो म्हणेल का? मी बोअर तर नाही ना वाटणार?" या भीतीवरही संशोधन झालेलं आहे. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की अनोळखी माणसं बोलून उठतात तेव्हा समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज ती खऱ्यापेक्षा कमी करतात. पहिल्या वर्षाला एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला! म्हणजे तुम्ही तिला जेवढे बोअर वाटता असं तुम्हाला वाटतं, तेवढे तुम्ही नसता. आणि तीही तिच्या रूमवर बसून हाच विचार करत असते. तेव्हा "कधीतरी भेटू" असं मोघम बोलू नका. "गुरुवारी साडेचारला, कॅन्टीन" असं सांगा. नाही म्हणाली तर पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारा. दोनदा विचारल्याने कुणाची इज्जत जात नाही.

एवढं करूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठून कॉलेजला यावंसंच वाटत नसेल, तर ते तासांच्या गणिताच्या पलीकडचं आहे. अंगावर काढू नका. कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा, घरी सांगा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही हेल्पलाइन २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो, तितकंच साधं आहे हे.

शेवटी हॉस्टेलच्या मित्रमैत्रिणींना आणि घर पुण्यातच असलेल्यांना एक विनंती. तुमचे तास तुम्हाला आपोआप मिळतात. तुमच्या बॅचमध्ये प्रॅक्टिकल संपताच बॅग उचलून बसकडे पळणारा कुणीतरी असेलच. तो शिष्ट नाहीये, त्याची बस आहे. त्याला एकदा विचारा, "रविवारी संध्याकाळी कुठे जेवतोस रे?" आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणा, "या रविवारी आमच्याकडे ये."